हवामान बदल आणि कार्बन व्यवस्थापन: ऑनलाइन पदव्युत्तर पदवीची निवड आणि अभ्यास

हवामान बदल आणि कार्बन व्यवस्थापन या विषयात ऑनलाइन पदव्युत्तर पदवी देणाऱ्या विद्यापीठांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचली, तर ती जवळजवळ सारखीच वाटतात. हवामानाचे विज्ञान, आंतरराष्ट्रीय धोरण, कार्बन बाजार, शाश्वत वित्त ही विषयांची नावे सगळीकडे आढळतात. खरा फरक पडतो तो विद्यार्थ्याकडून प्रत्यक्षात काय करवून घेतले जाते यात. काही अभ्यासक्रमांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत निबंधच लिहावे लागतात, तर काहींत पहिल्याच सत्रात एखाद्या कारखान्याची वीजबिले, इंधनाच्या पावत्या आणि वाहतुकीच्या अर्धवट नोंदी हाती देऊन उत्सर्जनाचा हिशेब मांडायला सांगतात. कार्बन व्यवस्थापन हे मुळात भौतिकशास्त्राच्या पायावर उभे असलेले हिशेबाचे काम आहे आणि ते हिशेब करूनच येते. पुढील सर्व सूचना याच भूमिकेतून दिल्या आहेत.

पायरी १: काम कोणते करायचे, ते आधी ठरवा

या क्षेत्रात संस्थेच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवून अहवाल तयार करणारे लोक असतात, कार्बन क्रेडिटचे, म्हणजे उत्सर्जन टाळल्याबद्दल किंवा शोषून घेतल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे, प्रकल्प उभारणारे किंवा त्यांची पडताळणी करणारे असतात, बँका आणि विमा कंपन्यांसाठी पूर, उष्णता, दुष्काळ यांच्या जोखमीचे विश्लेषण करणारे असतात आणि शासन किंवा स्वयंसेवी संस्थांमध्ये धोरणावर काम करणारेही असतात. यांना लागणारी कौशल्ये एकमेकांपासून बरीच वेगळी आहेत. जोखमीच्या विश्लेषणासाठी सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग यांवाचून गत्यंतर नाही. पडताळणीसाठी मानकांचा बारकाईने अभ्यास लागतो. धोरणासाठी कायदा आणि अर्थशास्त्र यांची जाण असावी लागते.

नवख्यांना सहसा हिशेब आणि अहवाल या वाटेने प्रवेश मिळणे सोपे जाते आणि त्याला कारण आहे. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय शाश्वतता मानक मंडळाने हवामानविषयक माहिती जाहीर करण्यासाठी आयएफआरएस एस२ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून युरोपीय संघाने सीमेवरील कार्बन समायोजन यंत्रणेचा, म्हणजे आयात मालाच्या उत्सर्जनावर किंमत आकारणाऱ्या व्यवस्थेचा, संक्रमणकाळ सुरू केला आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा मुख्य टप्पा लागू झाला. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज ही क्षेत्रे तिच्या कक्षेत येतात. त्यामुळे जगात कुठेही असलेल्या पोलाद कारखान्याला, त्याचा माल युरोपात जात असेल तर, प्रत्येक टन मालामागे किती उत्सर्जन झाले हे सांगावे लागते. हे आकडे कोणाला तरी काढावेच लागतात.

पायरी २: विषयांच्या नावांपेक्षा मूल्यमापनाची पद्धत वाचा

अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाला पत्र लिहून प्रत्येक विषयाचे मूल्यमापन कसे होते, याची माहिती मागवावी. बहुतेक विद्यापीठांकडे प्रत्येक विषयाचे सविस्तर वर्णनपत्र असते आणि विचारल्यास ते मिळते. त्यात पाहायचे ते हे की, किमान एका विषयात संपूर्ण संस्थेचा उत्सर्जन-हिशेब करावा लागतो का, एखाद्या उत्पादनाचे जीवनचक्र मूल्यमापन (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या परिणामांचा हिशेब) करावे लागते का, आणि खऱ्या हवामान-विदेवर (डेटावर) काम होते का. या तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तर तो अभ्यासक्रम धोरणाचा आहे असे समजावे. धोरणात काम करायचे असेल तर तो चांगलाही असू शकेल, पण नावात ‘कार्बन व्यवस्थापन’ आहे म्हणून त्यातून ते कौशल्य हाती लागेल असे गृहीत धरू नये.

पदवीची मान्यता हा प्रश्न कंटाळवाणा असला तरी टाळता येत नाही. ज्या देशात नोकरी करायची आहे, तेथे परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळते का, हे त्या देशाच्या अधिकृत यंत्रणेकडूनच तपासावे. विद्यापीठाच्या प्रवेश प्रतिनिधीचे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. खासगी नोकरीत हा प्रश्न क्वचित आडवा येतो, मात्र सरकारी नोकरी किंवा पुढे पीएचडी करायची असेल तर तो निर्णायक ठरतो. याशिवाय ग्रंथालयाची नियतकालिके घरून वाचता येतात का आणि सॉफ्टवेअरचे परवाने कोण देते, हेही विचारून घ्यावे. जीवनचक्र मूल्यमापनासाठी ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहे. परंतु त्यात वापरायचा इकोइन्व्हेंटसारखा विदासंग्रह परवान्याशिवाय मिळत नाही आणि तो विद्यार्थ्याने स्वतःच्या खिशातून घ्यावा अशी अपेक्षा असेल, तर शुल्काच्या आकड्यात तोही खर्च धरायला हवा.

पायरी ३: तासांचा हिशेब मांडा

‘आठवड्याला काही तास’ या जाहिरातीतल्या भाषेवर विसंबून न राहता श्रेयांकांवरून वेळ काढावी. ब्रिटिश पद्धतीत पदव्युत्तर पदवी साधारणतः १८० श्रेयांकांची असते आणि एका श्रेयांकामागे १० तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे एकूण १,८०० तास. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तास आणि पदवीसाठी ६० ते १२० श्रेयांक असतात. सुट्ट्या, आजारपण आणि कामाचा ताण वगळून वर्षाला ४४ आठवडे अभ्यास होतो असे मानले, तर १,८०० तासांची पदवी दोन वर्षांत पूर्ण करण्यासाठी आठवड्याला सुमारे २० तास लागतात. तीन वर्षांत केल्यास साडेतेरा. पूर्णवेळ नोकरी सांभाळून आठवड्याला २० तास काढणे हे बहुतेकांना दोन वर्षे झेपत नाही. म्हणून अर्धवेळ नावनोंदणी, विषय पुढे ढकलण्याची सोय आणि पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत या तीन गोष्टी प्रवेश घेण्याआधीच लेखी समजून घ्याव्यात.

थेट वर्ग कोणत्या वेळेला भरतात, हेही पाहावे. वर्ग रात्री अडीच वाजता येत असेल आणि चर्चेतील सहभागाला गुण असतील, तर ध्वनिमुद्रण मिळते एवढ्याने भागत नाही.

पायरी ४: प्रवेशाआधीची तयारी

अनेक अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना प्रवेश देतात, त्यामुळे वर्गात अभियंते, वकील, लेखापाल आणि भूगोलाचे विद्यार्थी एकत्र येतात. प्रत्येकाची उणीव निराळी असते. तरीही काही गोष्टी सर्वांनी आधीच पक्क्या करून याव्यात. पहिली म्हणजे एककांचे रूपांतर. वैज्ञानिक लेखनात कधी कार्बनचे वजन दिलेले असते, तर कधी कार्बन डायऑक्साइडचे; कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४ असल्याने एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड होतो. हा फरक नजरेतून सुटला की उत्तर जवळजवळ चौपट चुकते. दुसरी म्हणजे स्प्रेडशीटवर सफाईने काम करणे: मूळ आकडे, गुणांक (एका एककामागे किती उत्सर्जन होते तो आकडा) आणि निकाल वेगवेगळ्या पानांवर ठेवणे, आणि सूत्राच्या आत कोणताही आकडा थेट न लिहिणे. जोखमीच्या विश्लेषणाकडे वळायचे असेल, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळखही प्रवेशाआधीच करून घ्यावी, कारण सत्र सुरू झाल्यावर भाषा आणि विषय दोन्ही एकदम शिकणे जड जाते.

उद्देशपत्र लिहिताना पृथ्वीविषयीच्या तळमळीवर परिच्छेद खर्च करू नयेत. तसे सगळेच लिहितात. सध्याच्या कामात उत्सर्जनाशी संबंधित कोणता प्रश्न दिसतो आणि तो सोडवण्यासाठी नेमके काय येत नाही, हे सांगणारे एक पान अधिक वजनदार ठरते.

पायरी ५: विज्ञानाचे सत्र

पहिल्या सत्रात हवामानाचे विज्ञान असते आणि व्यवस्थापनाकडून आलेले विद्यार्थी ते कसेबसे पार पाडतात. तसे करू नये. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० होते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सलग मोजमाप सुरू केले तेव्हा ते सुमारे ३१५ होते, आणि आता ते ४२०च्या पुढे गेले आहे. हे आकडे पाठ असणे पुरेसे नाही. हा वायू हवेत दीर्घकाळ टिकतो आणि मिथेन सरासरी सुमारे १२ वर्षांत नाहीसा होतो, या एका फरकावर पुढची सगळी लेखापद्धती अवलंबून आहे. शंभर वर्षांचा कालखंड धरला तर एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे मानले जाते. कालखंड २० वर्षांवर आणला तर तोच आकडा ८०च्या वर जातो. दुग्धव्यवसाय, भातशेती किंवा वायुवाहिन्या यांवरील अहवाल वाचताना कोणता कालखंड धरला आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आयपीसीसी, म्हणजे १९८८ मध्ये स्थापन झालेली हवामान बदलाविषयीची आंतरशासकीय समिती, हिचे अहवाल हा अभ्यासाचा कणा आहे. सहावा मूल्यांकन अहवाल २०२१ ते २०२३ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाला. तो वाचण्याची एक रीत आहे. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश प्रथम वाचावा, पण तो सदस्य देशांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात, हे ध्यानात ठेवून वाचावा. प्रत्येक विधानाच्या शेवटी मूळ प्रकरणाचा निर्देश असतो, त्याचा माग काढत शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या प्रकरणापर्यंत जावे आणि असाइनमेंटमध्ये संदर्भ त्या प्रकरणाचा द्यावा. अहवालातील ‘संभाव्य’ आणि ‘अतिसंभाव्य’ हे शब्द सहज वापरलेले नाहीत. पहिल्याचा अर्थ किमान ६६ टक्के शक्यता आणि दुसऱ्याचा किमान ९० टक्के, असा ठरलेला आहे.

एक सराव अवश्य करावा. सहाव्या अहवालानुसार तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची ५० टक्के शक्यता हवी असेल, तर २०२० च्या प्रारंभापासून सुमारे ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याची मुभा उरली होती. ६७ टक्के शक्यता हवी असेल तर सुमारे ४०० अब्ज टन. जगाचे वार्षिक उत्सर्जन ढोबळमानाने ४० अब्ज टन धरून भागाकार केला, की साडेबारा आणि दहा वर्षे ही उत्तरे मिळतात. किती शक्यतेवर समाधान मानायचे, हे विज्ञान ठरवत नाही. या प्रश्नावर एखादी चांगली असाइनमेंट लिहिता येते.

पायरी ६: कार्बनचा हिशेब

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, प्रसंगी इतर विषयांतले चार गुण कमी पडले तरी चालतील. जागतिक संसाधन संस्था आणि शाश्वत विकासासाठीची जागतिक उद्योग परिषद यांनी मिळून तयार केलेल्या हरितगृह वायू प्रोटोकॉलचे कॉर्पोरेट मानक प्रथम २००१ मध्ये आले आणि २००४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. ते मोफत मिळते. सत्र सुरू होण्याआधीच ते अथपासून इतिपर्यंत वाचून काढावे. हरितगृह वायूंचा हिशेब आणि पडताळणी यांविषयीची आयएसओ १४०६४ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका त्याच्या जोडीला येते. मानकानुसार संस्थेच्या ताब्यातील भट्ट्या, जनित्रे, वाहने यांचे थेट उत्सर्जन स्कोप १ मध्ये जाते, विकत घेतलेली वीज, वाफ, उष्णता आणि शीतलन यांचे स्कोप २ मध्ये आणि मूल्यसाखळीतील, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचे, बाकी सारे स्कोप ३ मध्ये. एवढी व्याख्या कोणालाही सांगता येते. कस लागतो तो प्रत्यक्ष आकडे मांडताना.

एका लहान कार्यालयाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षभरात जनित्राने १,२०० लिटर डिझेल जाळले. एका लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ते ३.२ टन झाले. वातानुकूलन यंत्रांची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराच्या बिलात मात्र एक छोटीशी ओळ आहे: आर-४१०ए वायू, ४ किलो, पुन्हा भरला. वायू पुन्हा भरावा लागला, याचा अर्थ तेवढा हवेत गेला होता. आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातील गुणांकानुसार या वायूचा एक किलो म्हणजे १,९२४ किलो कार्बन डायऑक्साइड, तेव्हा ४ किलोंचे उत्सर्जन ७.७ टन झाले, डिझेलच्या दुपटीहून अधिक. चौथ्या अहवालातील २,०८८ हा गुणांक लावला तर तेच ८.४ टन होते आणि सहाव्यातील सुमारे २,२५६ लावला तर ९ टन. वायू तेवढाच, बिल तेच. कोणत्या अहवालाचे गुणांक वापरले हे न लिहिलेला हिशेब पडताळणीत टिकत नाही तो यामुळे. आणि ते बिल सहसा पर्यावरण विभागाकडे नसते. ते प्रशासनाच्या फाइलमध्ये ‘दुरुस्ती’ या शीर्षाखाली पडलेले असते.

विजेचे दोन हिशेब करावे लागतात. समजा वापर ६०,००० युनिट आहे आणि त्या ग्रिडचा गुणांक प्रतियुनिट ०.६ किलो धरला आहे. स्थानाधारित पद्धतीने, म्हणजे ग्रिडच्या सरासरी गुणांकाने, उत्सर्जन ३६ टन येते. त्याच कार्यालयाने तेवढ्याच युनिटसाठी अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रे घेतली असतील, तर बाजाराधारित पद्धतीने, म्हणजे खरेदीचे करार पाहून, ते शून्य दाखवता येते. याच प्रोटोकॉलच्या २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शिकेनुसार जेथे असे करार किंवा प्रमाणपत्रे उपलब्ध आहेत, तेथे दोन्ही आकडे द्यावे लागतात. कंपन्यांच्या जाहिरातीत बहुधा दुसराच झळकतो. अभ्यासासाठी कुठल्याही मोठ्या कंपनीचा शाश्वतता अहवाल उघडून पहिला आकडा कुठल्या पानावर आहे ते शोधावे.

स्कोप ३ साठी प्रोटोकॉलच्याच २०११ च्या मानकात १५ वर्ग दिले आहेत आणि त्यांतील बहुतेकांची नेमकी माहिती कंपनीकडे नसते. मग खरेदीच्या रकमेला गुणांक लावून अंदाज काढतात. या पद्धतीतील खोट विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावी: पुरवठादाराने दर वाढवले की माल तेवढाच असूनही उत्सर्जन वाढलेले दिसते, आणि घासाघीस करून दर उतरवले की ते घटते. कोणते वर्ग मोठे आहेत हे ओळखण्यासाठी ही पद्धत ठीक आहे, पण दरवर्षीची घट मोजायला ती कुचकामी आहे. मोठ्या वर्गांसाठी टन, किलोमीटर, युनिट अशा प्रत्यक्ष मापांकडे जावेच लागते.

संस्थेची सीमा (कोणते विभाग हिशेबात धरायचे) आणि आधारवर्ष (ज्याच्याशी पुढील वर्षांची तुलना होते ते वर्ष) यांकडेही नीट लक्ष द्यावे. कंपनीने धूर ओकणारा विभाग दुसऱ्याला विकला, तर तिचे उत्सर्जन कागदावर एका रात्रीत घसरते, हवेत मात्र काहीच बदलत नाही. असे झाल्यास आधारवर्षाचा आकडा पुन्हा काढावा, असे मानक सांगते. असाइनमेंटसाठी दिलेल्या अहवालात हे केले आहे का, हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतो.

पायरी ७: कार्बन बाजार आणि क्रेडिट

या विषयावर बाजूने आणि विरोधात इतके आवेशाने लिहिले जाते की, मूळ कागदपत्रे वाचणारे थोडे उरतात. १९९७ च्या क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणा (विकसनशील देशांतील प्रकल्पांना क्रेडिट देणारी), २००५ मध्ये सुरू झालेली युरोपीय संघाची उत्सर्जन व्यापार योजना (उत्सर्जनाचे परवाने विकत घेण्या-देण्याची), २०१५ चा पॅरिस करार आणि त्याच्या, देशांमधील कपातीच्या देवघेवीविषयीच्या, कलम ६ चे २०२१ मध्ये ग्लासगो येथे ठरलेले नियम, हा क्रम आधी मनात पक्का करावा. त्यानंतर क्रेडिट नोंदवणाऱ्या एखाद्या संस्थेच्या खुल्या नोंदवहीतून एकाच प्रकल्पाचा संपूर्ण आराखडा घेऊन वाचावा. सुधारित चुलींचा प्रकल्प या कामी उत्तम. त्यात वाचवलेल्या लाकडापैकी किती टक्के लाकूड पुन्हा न उगवणाऱ्या जंगलातून आले असते, असा एक आकडा गृहीत धरलेला असतो आणि क्रेडिटची संख्या थेट त्याच्या प्रमाणात बदलते. प्रकल्प नसता तर काय झाले असते, कपात दुसरीकडे तर सरकली नाही ना, ती किती काळ टिकेल आणि तिच्यावर दोन देश हक्क सांगत नाहीत ना, हे चार प्रश्न त्या आराखड्याला विचारले की, या विषयाचा बराचसा भाग हाती येतो.

पायरी ८: प्रबंध

ऑनलाइन विद्यार्थ्यांचे प्रबंध रखडतात ते बहुतांशी विदेपायी. कंपनी तोंडी होकार देते, कायदा विभाग तीन महिने उत्तर देत नाही आणि तोवर सत्र संपत येते. म्हणून विषय ठरवतानाच विदा हातात आहे की नाही, हे पाहावे आणि परवानगी लेखी घ्यावी. मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची संमती मिळवायला लागणारा काळही वेळापत्रकात धरावा. गोपनीय विदा मिळण्याची चिन्हे नसतील, तर खुल्या विदेवर काम करावे. युरोपीय संघाच्या कोपर्निकस हवामान सेवेचा इआरए५ हा संच १९४० पासूनचे दर तासाचे तापमान, पाऊस, वारा असे तपशील मोफत देतो आणि त्यावर चांगले प्रबंध उभे राहतात. प्रश्न अरुंद ठेवावा. ‘वस्त्रोद्योगाचे उत्सर्जन’ हा विषय होऊ शकत नाही. ‘एका रंगाई कारखान्यात वाफेसाठी कोळशाऐवजी जैवइंधन वापरल्यास स्कोप १ आणि स्कोप ३ मध्ये काय बदल होतो’ हा होतो.

नोकरीत असलेल्यांनी स्वतःच्या संस्थेवर प्रबंध करण्याचा मोह सावधपणे हाताळावा. विदा सहज मिळते हे खरे, पण निष्कर्ष वरिष्ठांना रुचले नाहीत तर प्रबंध अडकतो. प्रकाशनापूर्वी काय वगळायचे आणि काय नाही, याचा करार सुरुवातीलाच करावा आणि मार्गदर्शकाला त्याची प्रत द्यावी.

पायरी ९: पदवीच्या काळात जमवायचे कागद

मुलाखतीत पदवीपत्राइतकेच महत्त्व तुम्ही स्वतः केलेल्या एका पूर्ण हिशेबाला मिळते. म्हणून स्प्रेडशीट, तिच्यासोबत गृहीतकांची टीप आणि दोन पानी अहवाल असा एक संच अभ्यासक्रम चालू असतानाच तयार करावा. त्यात प्रत्येक गुणांकाचा स्रोत आणि वर्ष लिहावे, जेथे अंदाज केला तेथे तसे स्पष्ट म्हणावे आणि कंपनीची ओळख पटेल असे सर्व तपशील काढून टाकावेत. पडताळणीच्या क्षेत्रात जायचे असल्यास आयएसओ १४०६४ चा तिसरा भाग वाचून, आपलाच हिशेब एखाद्या सहाध्यायाकडून त्याच्या निकषांवर तपासून घ्यावा आणि त्याचा आपण तपासावा. दुसऱ्याच्या स्प्रेडशीटमधील हरवलेले एकक शोधताना जे कळते, ते ध्वनिमुद्रित व्याख्यानातून कळत नाही. तपासणीत निघालेले आक्षेप आणि त्यांवर केलेल्या दुरुस्त्या यांची यादीही त्या संचाला जोडावी.